शनिवारचं वादळ : ॲप कधी नऊ इंच म्हणतं, कधी पाऊस. नेमकं बघायचं काय? (कॅरी, नॉर्थ कॅरोलायना)

विदर्भी_कॅरीत (मंगळवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

कॅरीतला हा आमचा दुसरा हिवाळा. पहिला कोरडाच गेला, त्यामुळे स्नोचा अनुभव म्हणाल तर शून्य. आई-बाबा दिवाळीनंतर अकोल्याहून आलेत आणि सध्या घरात एकच विषय आहे : शनिवारी रात्री येणारं वादळ.

रविवारी सकाळी फोनवरच्या ॲपने नऊ इंच स्नो दाखवला. पोरं नाचली. संध्याकाळी तोच आकडा दोनवर आला. काल दुपारी स्नो गायब, नुसता पाऊस. आज जेवताना बघितलं तर पुन्हा सहा. बाबा कृषी खात्यातून निवृत्त झालेत, पावसाच्या अंदाजांनी आयुष्यभर पोळलेले. ते म्हणाले, "यापेक्षा आपलं पंचांग बरं, निदान सकाळ-संध्याकाळ बदलत नाही."

घर पूर्ण इलेक्ट्रिक आहे. हीट पंप, शेगडी, गरम पाणी, सगळं. मागच्या अंगणात पाइनची उंच झाडं आहेत, त्यातलं एक छताच्या बाजूला झुकलेलं. आणि सोमवारी सकाळी आई-बाबांचं आरडीयूहून (रॉली-डरम विमानतळावरून) परतीचं विमान. तिकीट आत्ताच बदलू की थांबू?

दुसरं म्हणजे, इथले काही जण रात्री एक-दीडपर्यंत जागून नकाशे बघतात असं जुन्या धाग्यांत वाचलं. ते काय बघतात? मला आणि खरं तर माझ्यापेक्षा बाबांना शिकायचंय. त्यांचा प्रश्न जसाच्या तसा लिहितो : "ही गारपीट असते का? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे झाली तशी?"

पार्सलपॉइंट (मंगळवार, रात्री १०:०५)

दूध-ब्रेड उद्याच आण. गुरुवारी संध्याकाळी दुकानातल्या फळ्या रिकाम्या होतात, अंदाज एक इंचाचा असो की वीस. इतकं दूध-ब्रेड घेऊन लोक करतात काय, हे मला आजवर कळलेलं नाही. इंडियन ग्रोसरीत मात्र शनिवार दुपारपर्यंत सगळं मिळतं, फक्त कोथिंबीर संपते.

दवबिंदू (बुधवार, पहाटे १:३५)

युरोचा, म्हणजे युरोपियन हवामान मॉडेलचा, रन (संगणकाची ताजी गणना) आत्ताच संपला, त्यामुळे जागाच आहे. सावकाश लिहितो.

आधी ॲपमधले इंच बघणं बंद कर. बहुतेक ॲप्स मॉडेलचा ताजा रन उचलतात, त्यात जितकं पाणी पडणार असेल त्याला दहाने गुणतात आणि आकडा छापतात. काही नकाशे तर स्लीट आणि फ्रीझिंग रेनसुद्धा (हे काय ते खाली सांगतो) स्नोच्या खात्यात टाकतात. एक इंच पाण्याचा स्नो दहा इंच भरू शकतो, पण स्लीट दोन-तीन इंचच भरतं आणि फ्रीझिंग रेनचा तर थरच बसतो. म्हणजे नऊ इंच, दोन इंच आणि पाऊस हे तुला तीन वेगळे अंदाज वाटले, तरी आतून ते एकच वादळ होतं. मधला एक थर दोन अंशांनी इकडेतिकडे झाला, एवढंच.

आणि ते वादळ अजून धड जन्मलेलं नाही. ज्या लाटेतून ते तयार होणार ती आज पॅसिफिकवर आहे. गुरुवारी रात्री ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर चढेल. उपग्रह तिला बघतायत, विमानंही कधी कधी जातात, पण जमिनीवरून दिवसात दोनदा सोडल्या जाणाऱ्या फुग्यांची सर त्याला नाही. त्यामुळे शुक्रवार सकाळपर्यंत कुणी ठामपणे इंच सांगत असेल तर ऐकून घे आणि विसर.

आता बघायचं काय ते सांगतो. नजर दक्षिणेला नको, उत्तरेला ठेव. वादळ गल्फकडून येणार, ओलावा भरपूर आणणार, त्याची चिंता नाही. प्रश्न थंडीचा आहे. शनिवारी न्यूयॉर्कच्या वर उच्च दाबाचं केंद्र बसलेलं असेल. मॉडेल्स सध्या १०४० मिलिबारच्या पुढे दाखवतायत, ते तगडं आहे. त्याच्याभोवती वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणजे आपल्याकडे ईशान्येकडून येतो. कोरडी, जड, थंड हवा व्हर्जिनियातून खाली सरकते आणि पश्चिमेला ॲपलाचियन डोंगर आडवा येतो. जड हवेला डोंगर चढवत नाही, मग ती पायथ्याशी साचत जाते. इथले लोक तिला वेज म्हणतात, मी पाचर म्हणतो. ही पाचर दोन-तीन हजार फूटच जाड असते, पण चिवट. दक्षिणेकडून आलेली उबदार ओली हवा तिला हलवू शकत नाही, म्हणून तिच्या डोक्यावरून जाते.

आता बाबांचा प्रश्न, आणि फार नेमका प्रश्न आहे. नाही, ही गारपीट नव्हे. गार उन्हाळी ढगात तयार होते. वर जाणारा झोत तिला उचलून धरतो, थरावर थर चढतात, मग ती खाली येते. हिवाळ्यातलं प्रकरण उलट आहे. इथे वरून स्नोच निघतो. वाटेत, जमिनीपासून साधारण पाच ते आठ हजार फुटांवर, तो उबदार हवेच्या थरातून जातो. त्या थराचं कमाल तापमान एक अंश सेल्सिअसच्या आत असेल तर स्नो स्नोच राहतो. एक ते तीन असेल तर अर्धवट वितळतो, खालच्या पाचरीत पुन्हा गोठतो आणि जमिनीवर टणटण उड्या मारतो, ते स्लीट. कोरड्या कण्या परातीत पडल्यासारखा आवाज येतो, बाबांना लगेच ओळखता येईल. तीनच्या वर गेलं की पुरतं पाणी होतं. पाचरीतून येताना ते थंड होतं, पण गोठायला वेळ मिळत नाही, आणि फांदीला, तारेला, पायरीला लागताक्षणी काच होऊन बसतं. तो फ्रीझिंग रेन. तीन अंशांत तीन तऱ्हा. आणि ही सीमा दर दुसऱ्या वादळात नेमकी डरम आणि रॉलीच्या मधून जाते. ग्रीन्सबरोत स्नो, आपल्याकडे काच, फेएटव्हिलला नुसता पाऊस, असं कितीदा झालंय.

हवामान खात्याचं रॉलीचं ऑफिस एनसी स्टेटच्या सेंटेनियल कॅम्पसवर आहे. त्यांनी यासाठी जुन्या वादळांवरून एक आलेखच बसवलाय. वातावरणाच्या दोन थरांची जाडी मोजायची (हवा जितकी थंड तितका थर पातळ), खालच्याची सीमा १३०० मीटर आणि वरच्याची १५४०. रात्री दीड वाजता आम्ही वेडे हेच आकडे चिवडत असतो. वरच्या थराला १५३८ दिसलं की स्नोवाले आनंदतात, १५४५ दिसलं की झोपायला जातात.

इथल्या जुन्या लोकांच्या मनात तीन तारखा पक्क्या आहेत. २४-२५ जानेवारी २००० : विमानतळावर २०.३ इंच, आजही विक्रम तोच, आणि आदल्या दिवसापर्यंत मॉडेल्सना पत्ता नव्हता. १९ जानेवारी २००५ : जेमतेम एक इंच, पण भरदुपारी, गोठलेल्या रस्त्यांवर. सगळं गाव एकाच वेळी गाड्या घेऊन घरी निघालं, शहर जाम झालं, हजारो मुलं रात्रभर शाळेतच झोपली. आणि डिसेंबर २००२, ज्यात स्नोपेक्षा बर्फाच्या थराने घात केला. ती रात्र मी याच घरात काढली. बाहेर वारा नव्हता. दर मिनिटाला कुठेतरी पाइनची फांदी बंदुकीसारखी वाजून तुटायची आणि क्षितिजावर ट्रान्सफॉर्मर हिरवे-निळे पेटायचे. सौ. म्हणाल्या, दिवाळी संपली ना रे? राज्यात लाखो घरांची वीज गेली, काहींची आठवडाभराहून जास्त. माणसं मात्र थंडीपेक्षा घरात कोळशाची ग्रिल आणि जनरेटर लावून कार्बन मोनॉक्साइडने दगावली. आपल्या लोकांनाही हे सांगावं लागतं, कारण बंद खोलीत शेगडी पेटवणं आपल्याला घरगुती वाटतं. गॅरेजचं दार उघडं ठेवलं तरीही नाही.

म्हणून तुझ्या घरासाठी स्नो किती हा प्रश्नच नाही. सहा इंच स्नो पडला तर पोरं खेळतील, दोन दिवसांत वितळेल. पाव इंच बर्फाचा थर बसला की खातं आइस स्टॉर्म वॉर्निंग काढतं, आणि अर्ध्या इंचाला तुझा तो झुकलेला पाइन निर्णय घेईल. त्या बाजूच्या खोलीत शनिवारी रात्री कुणाला झोपवू नकोस. झाड आत्ता कापायला माणूस मिळणार नाही, मिळाला तर तोंडाला येईल तो भाव सांगेल.

तिकीट : विमान कंपन्या बहुतेकदा शुक्रवारच्या आसपास फुकट बदल जाहीर करतात. तोवर थांब, पण जाहीर होताच बुधवारचं घे. मंगळवारही नको. सोमवारी रद्द झालेल्यांची गर्दी मंगळवारी असते.

शार्लटकर (बुधवार, सकाळी ८:१०)

दवबिंदूंनी पाचरीचं पुराण लावलं की हिवाळा सुरू झाला असं समजायचं. जीएफएसचे (अमेरिकन हवामान मॉडेलचे) कालपासूनचे सगळे रन बघा की. रविवारी पहाटे रॉलीला ३५ फॅरेनहाइट आणि साधा पाऊस. उगाच नव्या माणसाला घाबरवू नका. दरवेळी राज्यपाल आणीबाणी जाहीर करतात, शाळा बंद, आणि दुपारी ऊन.

दवबिंदू (बुधवार, सकाळी ९:२०)

शार्लटकर, पाचरीच्या बाबतीत जीएफएसचं ऐकणं म्हणजे घाटातल्या धुक्याचा अंदाज मुंबईच्या खिडकीतून घेणं. त्याची जाळी मोठ्या छिद्रांची आहे, जमिनीलगतची उथळ थंड हवा त्याला धड दिसत नाही, आणि तो तिला नेहमी वेळेआधी हुसकावून लावतो. हे मी म्हणत नाही, हवामान खातं अंदाजासोबत जे चर्चापत्र काढतं त्यात दर हिवाळ्यात येतं. ३५ दाखवतोय ना? त्यातून तीन-चार अंश वजा करा.

तुमच्या बाजूची एक गोष्ट मान्य : फ्रीझिंग रेन स्वतःच स्वतःला मारतो. पाणी गोठताना उष्णता सोडतं, ग्रॅममागे ऐंशी कॅलरी. उत्तरेकडून नवी कोरडी हवा येत राहिली नाही तर तापमान हळूहळू ३२ ला, म्हणजे गोठणबिंदूला, येऊन अडकतं आणि बर्फ धरणं थांबतं. कित्येक वादळं अशीच फुसकी निघाली. म्हणून तर मी दवबिंदूकडे बघा म्हणतो (माझ्याकडे नव्हे; हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान, जितकं कमी तितकी हवा कोरडी). शनिवारी दुपारी उत्तरेला व्हर्जिनियातल्या रिचमंड आणि डॅनव्हिलचा दवबिंदू दहा-बाराच्या घरात असला तर नवी हवा येत राहणार. पंचवीस असला तर तुम्ही जिंकलात, कॉफी माझ्याकडून.

ट्रिनिटीकाठची (बुधवार, दुपारी १२:४५)

डॅलसहून लिहितेय. भाऊ, घर पूर्ण इलेक्ट्रिक आहे म्हणालात म्हणून राहवलं नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्या टेक्सासच्या २५४ च्या २५४ काउंट्यांना विंटर स्टॉर्म वॉर्निंग होतं. १५ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास राज्याच्या वीज ग्रिडची फ्रीक्वेन्सी ६० हर्ट्झवरून ५९.३ पर्यंत उतरली. जवळजवळ पूर्ण राज्य अंधारात जायला साडेचार मिनिटं उरली होती, म्हणून घाईघाईने भाग तोडले. त्यात आम्हीही तुटलो. दुसऱ्या दिवशी विमानतळावर उणे दोन फॅरेनहाइट. सासूबाई इथेच होत्या, मधुमेह, गुडघे. आम्ही सगळे एका खोलीत, दारांच्या फटींना टॉवेल, आणि गादी जमिनीवर. वरचा नळ ठिबकत ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी पाइप फुटला आणि दिवाणखान्याचं छत गालिच्यावर आलं.

तुमच्याकडे इतकी थंडी बहुतेक नसेल, पाइपची भीती वीसच्या खाली. वीज जाण्याची तयारी मात्र करा. शुक्रवारीच पोळ्या, दशम्या, मेथीचे ठेपले करून ठेवा. ब्युटेनची कॅम्पिंग शेगडी मिळते, ती घ्या आणि फक्त बाहेर पेटवा. थर्मास दोन तरी. सासूबाईंना सगळ्यात जास्त काय हवं होतं तर तासातासाला गरम पाण्याचे दोन घोट. आई-बाबांची औषधं दहा दिवसांची आहेत ना, ते आज बघा, कारण विमान पुढे जाणारच आहे.

आणि पाण्याचा मेन कुठून बंद होतो ते आत्ता शोधून ठेवा. आम्ही टॉर्च तोंडात धरून शोधला होता.

विदर्भी_कॅरीत (शुक्रवार, रात्री ८:२५)

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चारच दिवसांच्या निघाल्या, बरं झालं विचारलंत. आज घेऊन आलो. ठेपले झाले. शेगडीही आणली, पोरांना बजावलंय. तिकीट बुधवारचं झालं, पैसे लागले नाहीत.

दवबिंदूकाका, बाबा पूर्ण तुमच्या नादी लागलेत. ॲप काढून टाकलं. आता वहीत दर दोन तासांनी रिचमंड, डॅनव्हिल, ग्रीन्सबरो आणि आपला दवबिंदू लिहितात. पेनाने, चार रकाने आखून. दुपारपासून डॅनव्हिल २६ वरून १९ वर आलंय. खात्याचं चर्चापत्र आम्ही दोघांनी शब्दकोश घेऊन वाचलं. त्यात रॉलीसाठी स्नोचे तीन नकाशे आहेत : कमीत कमी, शक्यता जास्त, आणि जास्तीत जास्त. पहिल्यात शून्य, तिसऱ्यात पाच. बाबा खूश. म्हणाले, "हा माणूस खरं बोलतोय, कारण त्याला माहीत नाही ते तो सांगतोय."

एक शंका. आज रस्त्यांवर पांढऱ्या समांतर रेघा दिसल्या. तो मिठाच्या पाण्याचा फवारा ना? मग रस्ते नीट राहतील का?

शार्लटकर (शुक्रवार, रात्री ९:००)

रेघा म्हणजे ब्राइन. सुरुवात पावसाने झाली तर सगळं धुऊन जातं. आणि हो, जीएफएसही आज संध्याकाळपासून ३१ म्हणायला लागलाय. दवबिंदू, एवढ्यात हसू नका.

दवबिंदू (शनिवार, दुपारी ३:१०)

हसत नाही, कॉफी मात्र वाचली.

आत्ताची परिस्थिती. कॅरीत तापमान ३९, दवबिंदू १४. तुम्हाला वाटेल ३९ म्हणजे उबदार, पाऊसच पडेल. पण कोरड्या हवेत पहिले थेंब पडले की ते वाफ होतात आणि वाफ होताना हवेतली उष्णता घेतात. माठ थंड राहतो त्याच कारणाने. या आकड्यांवर ती घसरण ३१ च्या आसपास थांबते. म्हणजे पहिल्या तासाभरात पारा आठ अंश कोसळणार आहे, कुणीही थंडी न आणता. वर डॅनव्हिल ११, रिचमंड ९, आणि वारा ईशान्येचा. पुरवठा चालू आहे.

ग्रीन्सबरोहून खात्याने दुपारी एकचा जादा फुगा सोडला होता. नेहमी सकाळी सात आणि संध्याकाळी सात असतात. वरचा उबदार थर अजून शून्याच्या जरा खाली आहे, पण आग्नेयेकडून चढतोय. मॉडेल्स मध्यरात्री आपल्यावर चार अंश सेल्सिअस दाखवतायत. माझा अंदाज, चूक झाली तर इथेच येऊन बोला : संध्याकाळी सातला स्नो सुरू, तासाभरात जमीन पांढरी, फार तर इंचभर. नऊच्या सुमारास स्लीट. अकरापासून पहाटे पाचपर्यंत फ्रीझिंग रेन. कॅरीत फांद्यांवर पाव इंच ते तीन अष्टमांश. डरमच्या उत्तरेला स्लीट जास्त, म्हणून झाडं वाचतील. ॲपेक्सच्या दक्षिणेला साडेतीन-चारला पारा ३३ होऊन प्रकरण मिटेल. आपण मधे, नेहमीप्रमाणे.

विदर्भी, फोन, पॉवर बँक, लॅपटॉप आत्ता चार्जिंगला लाव. फ्रीज सगळ्यात थंडवर. हीट पंप बहात्तरवर नेऊन घर आधीच तापवून ठेव, मग वीज गेली तरी चार-पाच तास निभावतात. रविवारी सकाळी गाडी काढू नकोस. ऊन आलं तरी नाही, कारण झाडांवरून बर्फाचे तुकडे गाडीच्या काचेवर पडतात.

बाबांसाठी दोन कामं. एक, एमपिंग नावाचं ॲप टाका. फुकट आहे. खिडकीबाहेर काय पडतंय ते फक्त नोंदवायचं : स्नो, स्लीट, फ्रीझिंग रेन. त्या नोंदी खात्यातला माणूस त्याच क्षणी बघतो, कारण रडारला हे तीन प्रकार नीट ओळखता येत नाहीत. आज रात्री बाबांची नोंद रडारपेक्षा मोलाची.

दोन, उजाडल्यावर बर्फ मोजायचा. डेकच्या कठड्यावर मोजू नका, सपाट जागेवर थर अडीचपट जाड दिसतो आणि लोक तोच आकडा मिरवतात. पेन्सिलीएवढी काडी निवडा. बर्फ एका बाजूला जाड असतो, दुसरीकडे पातळ. दोन्ही मोजा, बेरीज करा, निम्मं घ्या. तो खरा आकडा, तो इथे टाका.

काडी खिडकीतून हात घालून तोडता येईल अशी आजच बघून ठेव. बाबांना सकाळी डेकच्या पायऱ्यांवर पाठवू नकोस, त्यांनी कितीही हट्ट केला तरी.

विदर्भी_कॅरीत (शनिवार, संध्याकाळी ७:२०)

सुरू झालं. ६:५०. पारा ३८ वरून ३४. बाबांनी पहिली नोंद टाकली, आता दुसरी केव्हा टाकता येते विचारतायत. काडी हेरून ठेवलीय, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी डॉगवूडची आहे.